बटाट्याच्या चकत्या

अण्णांच्या डोळ्यांवर आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची. पातळ, गोल, माठातल्या पाण्यात बुडवून गार केलेल्या. वेल्डिंगचा झोत डोळ्यांना लागला की त्या क्षणी काहीच कळत नाही. माणूस पाळी संपवतो, डबा धुतो, गाडी पकडतो, घरी येऊन जेवतोसुद्धा. मग दिवे मालवायच्या वेळेला डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं आणि पाणी थांबता थांबत नाही. अशा रात्री अण्णा खोलीच्या मधोमध उताणे पडून राहायचे. चकत्या गरम झाल्या की आई त्या उचलून दुसऱ्या ठेवायची. मी उशाशी बसून त्यांना गोष्ट सांगायचो.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, रुळांच्या अगदी कडेच्या चाळीत राहत होतो. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची. अण्णा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात वेल्डर होते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत या वागळे इस्टेटला उभी राहिली. कोकणातून, घाटावरून आलेली किती घरं त्या एका नावावर उभी राहिली, याची मोजदाद कुणी करावी! आमचं त्यांतलंच एक.

गोष्ट यायची ती रद्दीच्या दुकानातून. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रद्दीवाला होता. त्याच्याकडे वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स असत, चांदोबा असे, किशोरचे अंक असत. ते सगळे मी पायरीवर बसून फुकट वाचायचो आणि तो वाचू द्यायचा. एकदा पावसाळ्यात त्याच्याकडे एक गठ्ठा आला. मोठ्या आकाराचे, पिवळट कागदाचे, ओलसर वासाचे इंग्रजी अंक. वर नाव होतं ‘द व्हिक्टर’. कुठल्या बंगल्यातून, कुठल्या बोटीवरून ते डोंबिवलीपर्यंत आले, देव जाणे. माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. तेव्हा मी सातवीत होतो. पण पान उलटलं आणि हात थांबला. चित्रात एक मुलगा होता. अंगात मळका कामाचा डगला, कपाळावर सरकवलेला काळा गॉगल, हातात पेटती नळी आणि नळीच्या टोकाशी ठिणग्या. वेल्डर! कॉमिकात वेल्डर! राजे, जादूगार, मुखवटेवाले मी पुष्कळ पाहिले होते. माझ्या बापाचं काम करणारा नायक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्याचं नाव आल्फ टप्पर.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डी. सी. थॉमसन नावाची प्रकाशनसंस्था आहे. तिच्या ‘द रोव्हर’ या मुलांच्या साप्ताहिकात १९४९ साली आल्फ पहिल्यांदा आला, तेव्हा तो नुसता अक्षरांत होता. पुढे १९६१ साली ‘द व्हिक्टर’ निघालं आणि तिथं त्याला चित्रांचं अंग मिळालं. ग्रेस्टोन नावाच्या काल्पनिक कारखानदारी गावातला हा पोरका पोरगा. रेल्वेच्या पुलाखालच्या कमानीत वेल्डिंगचं काम करणारा, तिथंच गादी टाकून झोपणारा. कामावरून सुटला की धावायचा. मैलाच्या शर्यतीत समोर विद्यापीठातली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली, नीट खाऊनपिऊन वाढलेली मुलं. आल्फ आदली रात्र काम करून आलेला, गाडी चुकलेली, बूट फाटके, आणि पोटात वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणलेलं काहीतरी तळलेलं.

ते काहीतरी म्हणजे ‘फिश अँड चिप्स’. फिश मला कळत होतं. चिप्स म्हणजे काय ते कळेना. अण्णांना सांगताना मी बोंबील आणि भजी असं सांगितलं. डोळ्यांवर चकत्या ठेवलेले अण्णा म्हणाले, “तळलेले बोंबील खाऊन पळतो? पोटात कळ येईल त्याच्या.” पुढे शाळेत बाईंना विचारलं, तेव्हा समजलं की चिप्स म्हणजे बटाट्याचे जाड काप. त्या रात्री येऊन मी अण्णांना सांगितलं, तसे ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वेल्डरच्या घरी बटाटा लागतोच.”

दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावर त्यांनी ते चित्र खिडकीशी नेऊन नीट पाहिलं. त्यांना शर्यतीचं चित्र नको होतं, कामाचं हवं होतं. “हा गॅस वेल्डिंग करतोय. आमचं आर्क. याला गॉगल पुरतो, आम्हाला तोंडावर पूर्ण काच लागते.” मग थोडं थांबून, “चित्र काढणाऱ्यानं बघून काढलंय पण.” एवढी मोठी दाद अण्णांनी दुसऱ्या कुणाला दिलेली मला आठवत नाही.

आल्फच्या गोष्टीत शर्यतीआधी हमखास एक कोट घातलेला गृहस्थ त्याला अडवायचा. कधी नाव नोंदवलेलं नाही म्हणून, कधी अंगाला ग्रीस लागलंय म्हणून. लहानपणी मला ती गोष्टीतली खलनायकी वाटायची. त्यामागे खरा इतिहास आहे हे फार उशिरा वाचनात आलं. १८६६ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या हौशी धावपटूंच्या क्लबानं हौशी कोण, याची व्याख्या केली होती. त्या व्याख्येतून यंत्रावर काम करणारा, कारागीर आणि मजूर, तिघांना बाहेर ठेवलं होतं. हातानं काम करणाऱ्याचं अंग कामानंच घडतं, म्हणून सभ्य माणसाशी त्याची बरोबरी अन्यायाची, असा त्यांचा युक्तिवाद! १८८० साली नवी संघटना स्थापन झाली तेव्हा धावण्यातली ही अट गेली. हेन्लीच्या नौकाशर्यतीत मात्र ती १९३७ पर्यंत टिकली. फिलाडेल्फियाचा जॉन केली विटा रचणारा गवंडी. १९२० साली हेन्लीनं त्याचा अर्ज परत केला. त्याच उन्हाळ्यात अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं सुवर्णपदक मिळवलं. १९४७ साली त्याच्या मुलानं हेन्लीची तीच शर्यत जिंकली. आल्फ टप्परच्या गोष्टी लिहिणाऱ्याला हे सगळं अंगातून ठाऊक असणार. त्याशिवाय त्या कोटवाल्याच्या चेहऱ्यावर इतकी खरी तुच्छता आली नसती.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे त्या नियमाला कागदाचीही गरज नव्हती. पालवणकर बाळू पुण्याच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी लाटायचे, जाळं बांधायचे, गोऱ्या साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकायचे. फलंदाजीला कुणी बोलवत नसे. सामन्यात चहाच्या वेळेला सगळे आत, आणि बाळू बाहेर मातीच्या भांड्यात चहा पीत. १९११ साली हिंदी संघ विलायतेला गेला तेव्हा त्या डाव्या हातानं ११४ बळी घेतले. जातीचा आणि श्रमाचा, दोन्ही शिक्के एकाच हातावर होते. पुढे त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले.

एकनाथ सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी. मैदानाच्या कडेच्या एका खोलीत सारं घर. सोलकर २७ कसोटी खेळले आणि त्यांत ५३ झेल घेतले, तेही फलंदाजाच्या पुढ्यात, शिरस्त्राणाशिवाय उभं राहून. १९७१ साली ओव्हलवर ॲलन नॉटचा झेल घेताना ते जमिनीला समांतर झालेले छायाचित्रात दिसतात. ज्या मुलाचं सारं लहानपण मैदानाच्या कडेला गेलं, त्याला चेंडूच्या जवळ जायला भीती कसली वाटणार, असं मला ते चित्र पाहताना दरवेळी वाटतं.

पण क्रिकेट आमच्या चाळीचा खेळ नव्हता. आमचा खेळ हुतूतू, ज्याला मैदानावर कबड्डी म्हणत. पलीकडच्या खोलीतला दादा डावा कोपरा खेळायचा. अंबरनाथकडच्या एका कारखान्यात फिटर होता. दुपारची पाळी नसेल त्या आठवड्यात तो सामन्याला जायचा आणि मला नि अण्णांना बरोबर न्यायचा. ठाण्याला चरईत मावळी मंडळाच्या मैदानावर, कल्याणला, आणि मानपाडा-निळज्याकडच्या आगरी गावांतल्या मैदानांवर आम्ही कितीतरी रात्री काढल्या. तांबडी माती आधी चाळून, पाणी मारून, लाटून सपाट केलेली. चुन्याच्या रेषा. बांबूंना बांधलेले दिवे आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणारे किडे. भुईमुगाच्या शेंगांचा वास. कर्ण्यातून खेळाडूचं नाव येई आणि नावाला लागून त्याची नोकरी येई: अमक्या कंपनीचा, रेल्वेचा, बंदराचा, बँकेचा. माणूस काय काम करतो हे अभिमानानं सांगणारी ती मला माहीत असलेली एकमेव जागा.

दादा थेट कामावरून यायचा. नखांत काळं, गुडघ्याला पट्टी, पिशवीत चड्डी-बनियन आणि दोन केळी. कोपऱ्यात उभा राहिला की तो वेगळाच माणूस होई. चढाईवाला दम घेत मध्यरेषा ओलांडतो, बोनस रेषेकडे पाय टाकतो. एक पाय हवेत आणि दुसरा रेषेपलीकडे, अशी ती निमिषभराची वेळ. कोपऱ्याचा खेळाडू तेवढ्याच वेळेसाठी जन्माला आलेला असतो. दादा खाली बसल्यासारखा व्हायचा आणि घोटा धरायचा. धरला की सुटायचा नाही. चढाईवाला मध्यरेषेकडे हात लांबवून फरफटत राही, बाकीचे सहा जण तुटून पडत, मातीचा लोट उठे आणि लोकांचा आवाज मैदानाबाहेरच्या झाडांवरची पाखरं उठवी. अण्णा माझ्या कानाशी म्हणायचे, “हात बघ त्याचे. पाना धरणारे हात आहेत.”

परतताना शेवटची गाडी. दरवाज्याशी उभा राहून दादा कोपराचं खरचटलेलं दाखवायचा. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की आवाज इतका वाढे की बोलणं थांबे, आणि त्या अंधारात मला कमानीखालची ती वेल्डिंगची जागा दिसायची. आल्फ तिथं आहे आणि आमची गाडी त्याच्या डोक्यावरून चालली आहे, असं मी खरोखर समजत असे.

दादाला एका कंपनीनं खेळासाठी घेतलं होतं. हंगामी. कायम करू म्हणाले होते. गुडघा गेला तसं बोलावणं बंद झालं. त्यानं नंतर त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. संध्याकाळी तो चाळीतल्या पोरांना घोटा धरायला शिकवायचा. स्वतः खुर्चीत बसून, काठीनं त्यांचे पाय सरकवत.

महाराष्ट्रात १५ जुलैला कबड्डी दिन करतात. बुवा साळवींचा तो जन्मदिवस. बुवांनी या मातीतल्या खेळाला नियमांत बांधलं, देशभर फिरवलं, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत तो पोहोचला. मग २०१४ साली प्रो कबड्डी आली. माती जाऊन मॅट आली, दूरदर्शन संचावर झगमगते दिवे आले. त्या दिव्यांखाली एक दिवस मी कल्याणचं नाव ऐकलं. गिरीश इर्नाक, डावा कोपरा. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांतल्या भारतीय संघातही तो होता. इराणकडून हरून भारत कांस्यावर थांबला. तो दिवस कबड्डीवाल्या घरांत सुतकासारखा गेला. पण मला आठवतो तो त्याचा घोट्याकडे झेपावण्याआधीचा खांदा. अगदी दादासारखा. दोघांची ओळख असण्याचं कारण नाही. ते एका मातीचं वळण आहे, एवढंच.

डोंबिवलीला क्रिकेटवालाही मिळाला, उशिरा का होईना. अजिंक्य रहाणे. वडील बेस्टमध्ये नोकरीला. रिक्षाला पैसे नसायचे म्हणून आई एका हातात किटबॅग आणि कडेवर धाकटं मूल घेऊन त्याला सरावाला चालत नेत असे. पुढे तो लोकलनं मुंबईला जाऊ लागला. पहिल्या दिवशी वडील बरोबर गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता एकटा जा. सात-आठ वर्षांचा मुलगा, पाठीवर पिशवी, डोंबिवलीची सकाळची गर्दी. तो एकटा गेला. त्याला ठाऊक नव्हतं की वडील मागच्या डब्यात उभे आहेत. पोराला जमतंय याची खात्री पटेपर्यंत ते तसेच मागून येत राहिले. रहाणेनं स्वतः ही हकीकत मुलाखतींत सांगितली आहे.

२०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला आपला संघ ३६ धावांत गडगडला. कप्तान घरी परतला, आणि मेलबर्नला रहाणेनं सूत्रं हाती घेऊन ११२ धावा केल्या. साऱ्या देशानं तो शतकवीर पाहिला. मी मात्र त्या दिवसभर मागच्या डब्यातल्या माणसाचा विचार करत होतो. हँडलला धरून, दोन डब्यांमधल्या जाळीतून पोराच्या डोक्याचा नुसता मागचा भाग शोधणारा. त्याचं चित्र कुणी काढलं आहे?

माझी तगमग ही आहे. आल्फ टप्पर मुळात नव्हताच. कुणा लेखकानं तो कल्पिला, चित्रकारानं रेखाटला, आणि दर आठवड्याला लाखो मुलांच्या हातात दिला. त्यांतलाच एक मुलगा रॉन हिल. लँकेशरमधल्या अ‍ॅक्रिंग्टन या सुताच्या गावचा, पुढे कापडाचा रसायनतज्ज्ञ झालेला. लहानपणी वाचलेल्या आल्फ टप्परनं आपल्याला धावायला लावलं, असं तो सांगत असे. १९७० साली त्यानं बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली, त्याच वर्षी राष्ट्रकुल खेळांत २ तास ९ मिनिटं २८ सेकंदांत सुवर्ण मिळवलं, आणि डिसेंबर १९६४ पासून ५२ वर्षांहून अधिक काळ एकही दिवस न चुकवता तो धावला. कागदावरच्या वेल्डरनं हाडामांसाचा धावपटू घडवला. आपल्याकडे हाडामांसाचे होते. ठाण्यात, कल्याणात, अंबरनाथला, मोहन्याला पाळी सुटली की मातीत उतरणारे शेकड्यांनी होते. त्यांना कागद मिळाला नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला जीव की प्राण आहे. फुरसुंगीचा तो किडकिडीत पोरगा सायकलीवर टांग टाकून निघाला की आजही माझे पाय हलतात. पण चढाईला जाण्याआधी नखांतलं ग्रीस चड्डीला पुसणारा, दोन केळ्यांवर फायनल खेळणारा आमचा दादा कुठल्याच अंकाच्या पानावर आला नाही. त्याचं नाव कर्ण्यातून येई, हवेत विरे, आणि सकाळी मैदानावर फक्त चुन्याच्या पुसट रेषा असत.

१९९२ साली ‘द व्हिक्टर’ बंद पडलं. अण्णांचा कारखानाही पुढे बंद झाला. वागळे इस्टेटला आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत माना खाली घालून पडद्याकडे पाहणारी मुलं आहेत. त्यांच्याही डोळ्यांना रात्री टोचत असेल. रद्दीचं दुकान कधीच गेलं. माझ्याकडे एकच अंक उरला आहे, मुखपृष्ठ नसलेला, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला.

त्या गठ्ठ्यात एक अडचण होती, ती सांगायची राहिली. अंक सलग नव्हते. आल्फची गोष्ट क्रमशः चाले, आणि शर्यत अर्ध्यावर असताना अंक संपे. पुढचा अंक गठ्ठ्यात नसेच. मग उरलेली शर्यत मला रचावी लागे. अण्णांना मी हे कधी कळू दिलं नाही. माझा आल्फ ग्रेस्टोन सोडून कुठेही धावायचा. त्याची गाडी मुंब्र्याला अडकायची आणि तो रुळांच्या कडेनं, खाडीच्या वाऱ्यात, कळव्याचा पूल ओलांडून ठाण्याच्या मैदानात पोहोचायचा. कोटवाला अडवायचा. बंदूक वाजायची. आल्फ शेवटून पहिला असायचा, मग एकेकाला मागे टाकायचा. दर वेळी जिंकायचा. मला हरवता येतच नव्हतं त्याला.

एका रात्री अण्णांचे डोळे फारच सुजले होते. त्या आठवड्यात त्यांनी तीन ओव्हरटाइम केले होते. मी आल्फला शेवटच्या फेरीत आणलं होतं, पुढे फक्त एक उंच, गोरा, पांढऱ्या कपड्यांतला मुलगा उरला होता. माझा आवाज चढला होता. अण्णांनी अंधारातच हात पुढे करून माझा गुडघा चाचपला.

“आज त्याला दुसरा येऊ दे,” ते म्हणाले. “रात्रपाळी करून आलाय ना.”

मी थांबलो. दुसरा आलेल्या आल्फचं पुढे काय करायचं ते मला सुचेना. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. बाहेरून कर्जतकडे जाणारी शेवटची गाडी गेली, भांडी वाजली आणि थांबली. आई केव्हाच झोपली होती. मी वाकून दोन्ही चकत्या उचलल्या. त्या गरम झाल्या होत्या आणि कडेनं तांबूस पडल्या होत्या. ताटलीत ठेवून मी दुसऱ्या दोन चिरायला घेतल्या.